निगेटिव्ह म्हणजे चांगलंच ना?

मंडळी, गेले तीन-चार विकांत इथे काही लिहिलं नाही, त्याला कारण होतं. बाबा हॉस्पिटलमध्ये होते. आता घरी आहेत, बरे आहेत, आणि आईशी पथ्यावरून भांडण्याइतपत तब्येत सुधारली आहे. म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

तर झालं असं, की एका गुरुवारी संध्याकाळी बाबांना हुडहुडी भरून ताप आला. दोन गोधड्या आणि वर ब्लँकेट घालूनही दात वाजत होते. रात्रीच ॲडमिट केलं. रक्त तपासायला गेलं, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलंय. ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय दिसतायत. नेमकं नाव कळायला अजून दीड-दोन दिवस जातील, पण तोवर थांबण्यात अर्थ नाही. औषध आत्ताच बदलतोय."

मी मान डोलावली आणि बाहेर येऊन आईला जसंच्या तसं सांगितलं. त्यातला आईला नीट कळलेला शब्द एकच. कोरोनाच्या दोन वर्षांत त्या शब्दाने घराघरांत जीव भांड्यात पाडला होता. "निगेटिव्ह? म्हणजे चांगलंच ना रे?" मी उत्तर जुळवेपर्यंत तिने मावशीला फोन लावलासुद्धा. अर्ध्या तासात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

खरं सांगायचं तर मलाही काही कळलं नव्हतं. अकरावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला प्राणी मी. ग्रॅम म्हटलं की डोळ्यांसमोर वाण्याचा काटा. रात्रभर त्या लाकडी बाकावर बसून एकच प्रश्न डोक्यात फिरत होता: ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्यावरचं औषध हा माणूस कशाच्या जोरावर बदलतोय? पहाटेपर्यंत मोबाइलवर वाचत बसलो, नंतरही वाचत राहिलो. त्यातून जे सापडलं ते इतकं भारी आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड दुकानदारापासून करावी लागते. आंतोनी व्हान लेवेनहूक. हा माणूस स्वतः भिंगं घासायचा, आणि एकाच भिंगातून वस्तू अडीचशे पटींहून मोठी दिसेल इतकी सुरेख घासायचा. काळी मिरी तिखट का लागते हे बघायला त्याने मिरी पाण्यात भिजत घातली, आणि त्या पाण्यात त्याला वळवळणारे अतिसूक्ष्म जीव दिसले. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं कळवलं. पुढे १६८३ च्या पत्रात त्याने दातांवरच्या किटणातले जीव चितारून पाठवले. त्यात काड्या आहेत, गोळे आहेत, नागमोडी वळवळणारेही आहेत.

त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं फारसं काहीच घडलं नाही. जगातल्या झाडून सगळ्या प्राण्या-वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं देणाऱ्या लिनियसने या सूक्ष्म जिवांना कृमींच्या वर्गात टाकलं आणि तिथल्या एका गटाला चक्क 'केऑस' असं नाव दिलं. आपल्या सगळ्यांच्या डेस्कटॉपवर 'मिसलेनियस' नावाचं एक फोल्डर असतंच की! 'बॅक्टेरियम' हे नाव आलं १८२८ साली, एरेनबर्गकडून. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटी काठी.

पहिली नीट वर्गवारी केली फर्डिनांड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८७२ साली, ब्रेस्लाऊमध्ये (हे शहर आता पोलंडमध्ये आहे). त्याचा निकष एकच, आकार. गोल, आखूड काडी, लांब काडी किंवा धागा, आणि मळसूत्र. त्या काळात नेगेलीसारखे दिग्गज म्हणत होते की जीवाणूंना ठाम जातीच नसतात, एकच जीव आज गोळा तर उद्या काडी. कोन म्हणाला, नाही, गोळ्याच्या पोटी गोळाच येतो. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल, पण हे मान्य झाल्याशिवाय 'अमुक रोग अमुक जीवाणूमुळे' हे वाक्यच उच्चारता येत नाही. चार वर्षांनी रॉबर्ट कॉख नावाचा खेड्यातला डॉक्टर अँथ्रॅक्सच्या जीवाणूचं पूर्ण जीवनचक्र दाखवायला याच कोनकडे आला होता.

पण आकाराची गंमत अशी, की तो फार थोडं सांगतो. दह्यातला लॅक्टोबॅसिलस ही काडी आणि टायफॉइडचा जीवाणू हीपण काडी. शिवाय हे जीव पाण्यासारखे पारदर्शक. रंग दिल्याशिवाय धड दिसतही नाहीत.

रंग आले एका अपघाताने. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा पोरगा लंडनमध्ये डांबरातल्या रसायनांपासून क्विनाईन बनवायला गेला, आणि हाती आला जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला. तो जर्मनांनी बघता बघता ताब्यात घेतला, आणि कापड रंगवायचे रंग वायगर्ट, एर्लिख, कॉख या मंडळींनी काचपट्टीवर ओतले. १८८२ साली कॉखने क्षयाचा जीवाणू दाखवला तो याच रंगांच्या जिवावर.

आता आपला हिरो. हान्स क्रिश्चन ग्रॅम, डॅनिश डॉक्टर, वय तीस. म्हणजे माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा. तो बर्लिनला शिकायला आला होता आणि फ्रीडरिक्सहाइनच्या सरकारी इस्पितळात, शवागारात, कार्ल फ्रीडलेंडर यांच्या हाताखाली काम करत होता. न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसाचे पातळ काप घ्यायचे आणि त्यात जीवाणू शोधायचे, हे काम. अडचण अशी, की रंग टाकला की माणसाच्या पेशींची केंद्रकंही रंगायची आणि जीवाणूही. लॉगमधली प्रत्येक ओळ लाल झाली तर एरर शोधणार कुठे? ग्रॅमला हवं होतं ते एवढंच: माणूस बिनरंगाचा राहावा आणि जीवाणू रंगावा.

त्याने बरेच प्रयोग करून कृती बसवली. आधी जांभळा रंग. मग आयोडिनचं पाणी. मग अल्कोहोलने धुऊन काढायचं. अल्कोहोलने माणसाच्या पेशींवरचा रंग निघून जातो, जीवाणू मात्र गडद जांभळे उरतात. काम फत्ते!

पण पूर्ण फत्ते नाही. काही जीवाणूंचा रंगही अल्कोहोलबरोबर वाहून जायचा. टायफॉइडचे जीवाणू तर अजिबात टिकेनात. सगळे जीवाणू दाखवायला बनवलेली पद्धत त्यातले बरेचसे गायब करत होती. आपल्या भाषेत, सरळ सरळ बग. ग्रॅमने १८८४ साली निबंध छापला आणि त्यात प्रामाणिकपणे लिहून टाकलं, की पद्धत सदोष आहे, अपुरी आहे याची मला जाणीव आहे, तरी दुसऱ्या कुणाच्या तरी हातून तिचा उपयोग होईल अशी आशा आहे. 'नोन इश्यूज'चा इतका नम्र परिच्छेद मी आजवर कुठल्याही रिलीज नोटमध्ये वाचलेला नाही. पुढे तो कोपनहेगनला परतला, १८९१ मध्ये औषधशास्त्राचा प्राध्यापक झाला, रुग्ण तपासत आणि शिकवत राहिला आणि १९३८ साली वारला. ज्या कामासाठी जग त्याला ओळखतं, ते तिशीतच करून मागे टाकलेलं.

त्या बगचा फायदा मात्र लवकरच दिसू लागला. न्यूमोनियाचा जीवाणू नेमका कोणता यावर खुद्द फ्रीडलेंडर आणि अल्बर्ट फ्रेंकेल यांची जुंपली होती. एक म्हणे माझा, दुसरा म्हणे माझा. ग्रॅमच्या रंगाने कळलं की हे दोन वेगवेगळेच जीव आहेत. फ्रेंकेलचा जांभळा राहतो, फ्रीडलेंडरचा धुतला जातो. दोघांनाही न्यूमोनिया करता येतो.

दुसरा किस्सा १८९४ चा, हाँगकाँगचा, आणि त्याचा धागा थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो. तिथे प्लेगची साथ होती. जपानचे कितासातो सगळ्या सरकारी मदतीसह आले होते. अलेक्झांडर येर्सिन मात्र एकटा, एका गवती झोपडीत काम करत होता. दोघांनीही जीवाणू सापडल्याचं जाहीर केलं. येर्सिनने स्पष्ट लिहिलं की ग्रॅमच्या पद्धतीत याचा रंग निघून जातो. कितासातोंना आधी खात्रीने सांगता येईना, नंतर ते रंग टिकतो असं म्हणाले. त्यांच्या नमुन्यांत न्यूमोनियाचा जीवाणू मिसळला असावा असं आज मानतात. आज त्या जीवाणूचं नाव येर्सिनिया आहे.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी हा रोग प्लेगच आहे हे ओळखलं. मग व्हाल्देमार हाफकिन आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत लशीच्या मागे लागला. मेलेले जीवाणू टोचायचे, तर ते आधी भरपूर वाढवायला हवेत. हाफकिनने काय केलं असेल? मांसाच्या अर्कावर चक्क तूप सोडलं! तुपाच्या थेंबांना धरून जीवाणूंची वाढ खाली लोंबायची, मग बाटली हलवायची की ती तळाशी, आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू. मग उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्याने पहिली मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटसमोरून शेकडो वेळा गेलोय, पण ही तुपाची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

वाढीचा विषय निघालाच आहे तर जीवाणूंचं गणित बघा. यांच्यात नर-मादी नाही, लग्नकार्य नाही. एक जीव लांबतो, मधोमध भिंत पडते, दोन होतात. आतड्यातला ई. कोलाय पोटभर खाणं मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. चोवीस तासांत २ चा ७२ वा घात. कागदावर मांडलं तर एकापासून एका दिवसात काही हजार टन माल तयार होईल, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वजन पृथ्वीपेक्षा जास्त भरेल. अर्थात तसं होत नाही, कारण त्याच्या कितीतरी आधी खाणं संपतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. ई. कोलायचा डीएनए साधारण ४६ लाख अक्षरांचा. (चार अक्षरं म्हणजे दोन बिट धरले तर हे सगळं सव्वा एमबीच्याही आत येतं. एक जिवंत प्राणी जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर मावतो!) त्याची एक नक्कल काढायला लागतात चाळीस मिनिटं. मग वीस मिनिटांत दुप्पट कसा होतो? १९६८ साली कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी हे कोडं सोडवलं. पहिली नक्कल पूर्ण होण्याआधीच तो दुसरी सुरू करतो. म्हणजे आईच्या पोटात मुलगी आणि त्या मुलीच्या आत नातीची तयारी, सगळं एकाच वेळी. आपण प्रोसेसरच्या पाइपलाइनिंगचं कौतुक करतो, हे लोक कधीपासून तेच करतायत.

रक्तात वेग इतका नसतो. तिथे प्रतिकारशक्ती आडवी येते. पण 'नाव कळेपर्यंत थांबत नाही' या डॉक्टरांच्या वाक्यामागे हे दुपटीचं गणित होतं. नाव कळायचं तर जीवाणू वाढवावे लागतात, आणि ते दीड-दोन दिवस रोगी कुठून आणणार? ग्रॅमचा रंग मात्र पाच-दहा मिनिटांत होतो. हल्ली जांभळा धुऊन झाल्यावर वरून सॅफ्रानिनचा लाल हात देतात (ही भर ग्रॅमच्या नंतरची), म्हणून ज्यांचा रंग गेला ते गुलाबी दिसतात. बाबांच्या रक्तातले गुलाबी होते.

पण गुलाबी म्हणजे नक्की काय? ग्रॅमला हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. सायकलचं चाक आठवा. जीवाणूच्या आत बाहेरच्यापेक्षा बराच जास्त दाब असतो. नुसती नाजूक ट्यूब असती तर फुटली असती, म्हणून वरून टायर. हा टायर पेप्टिडोग्लायकन नावाच्या जाळीचा, साखर आणि अमिनो आम्लांच्या साखळ्या एकमेकींत विणून केलेला. जांभळ्या जीवाणूंचा टायर जाडजूड, थरावर थर. गुलाबी जीवाणूंचा टायर अगदी पातळ, पण त्याच्यावर अजून एक पटल, रेनकोटसारखं. आयोडिन आणि जांभळा रंग मिळून आत मोठे गोळे होतात. अल्कोहोलने जाड जाळी आकसते आणि गोळे आत अडकतात. गुलाबींचा रेनकोट मात्र अल्कोहोलमध्ये विरघळतो आणि पातळ जाळीतून रंग गळून जातो. बेव्हरिज आणि डेव्हिस यांनी आयोडिनऐवजी प्लॅटिनमचं संयुग वापरून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे प्रत्यक्ष दाखवलं, तेव्हा साल होतं १९८३. म्हणजे नव्व्याण्णव वर्षं जगभरच्या लॅब एक गोष्ट रोज वापरत होत्या आणि ती का चालते हे नीट पाहिलेलं नव्हतं. हे वाचल्यावर आमच्या प्रॉडक्शनमधल्या 'हाताला लावू नका, चालतंय ना' लिहिलेल्या कोडबद्दलचा माझा राग थोडा कमी झाला :)

म्हणजे ग्रॅमने नकळत जीवाणूंचं कपाट उघडून त्यांचे कपडे तपासले होते. आणि औषधाची गाठ पडते ती याच कपड्यांशी. पेनिसिलिन जाळीची वीण घालणाऱ्या एन्झाइमांनाच निकामी करतं. जीवाणू वाढत राहतो, वीण होत नाही, शेवटी तो फुटतो. माणसाच्या पेशीला ही जाळीच नाही, त्यामुळे आपल्याला त्याचा त्रास नाही. पण रेनकोटवाल्यांत बरीच औषधं जाळीपर्यंत पोचतच नाहीत. फ्लेमिंगलाही हे दिसलं होतं. १९२९ च्या मूळ निबंधात त्याने पेनिसिलिनचा एक उपयोग सुचवला तो असा, की नको असलेले जीवाणू त्याने मारा, म्हणजे इन्फ्लुएंझाचा म्हणून ओळखला जाणारा, पेनिसिलिनला दाद न देणारा जीवाणू वेगळा काढता येईल. तो जीवाणू ग्रॅम निगेटिव्हच.

रेनकोटाचा दुसरा उपद्रव म्हणजे त्याच्या बाहेरच्या थरात असलेलं लिपोपॉलिसॅकराइड. ते रक्तात सुटलं की शरीर घाबरून धोक्याची घंटा वाजवतं. ताप, हुडहुडी, आणि फारच झालं तर रक्तदाब कोसळतो. बाबांचे दात वाजत होते ते बहुतेक याच्याचमुळे.

आता ग्रॅमची मर्यादाही सांगायला हवी. क्षयाच्या जीवाणूवर मेणासारखा थर असतो, तिथे हा रंग धड चालत नाही. त्याची तपासणी वेगळी. मायकोप्लाझ्माला तर टायरच नसतो. आणि नात्यागोत्याचं म्हणाल, तर कपड्यांवरून आडनाव कळत नाही. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दिसण्याचा नाद सोडून थेट सोर्स कोड वाचला, म्हणजे रायबोसोममधल्या आरएनएची अक्षरं ताडून बघितली. आपण ज्यांना जीवाणू समजत होतो त्यातले काही जीवाणू नाहीतच, ती जीवसृष्टीची तिसरीच शाखा आहे असं निघालं. आर्किया. गावाकडच्या गोबर गॅसच्या टाकीत मिथेन तयार करतात ते हेच. वूजला बरीच वर्षं मोठमोठ्यांनी उडवून लावलं होतं. त्याच्यावर स्वतंत्र लिहायला पाहिजे, कधीतरी बघू.

परत त्या रविवारी येतो. दुपारी पूर्ण रिपोर्ट आला. ई. कोलाय. बहुधा लघवीच्या मार्गातून रक्तात गेलेला. नावाखाली औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर, एस किंवा आर. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जीवाणूने दाद दिली नाही. मी वरून खाली बोट फिरवत गेलो. आर, आर, आर, एस, आर... गुरुवारी रात्री सुरू केलेलं औषध आर होतं. शुक्रवारी रात्री बदललेलं एस.

हे आर येतात कुठून? थोडे नकलेतल्या चुकांमुळे. पण बरेचसे उसने. १९४६ साली लेडरबर्ग आणि टेटम यांनी दाखवलं होतं की जीवाणू एकमेकांना जनुकं देतात. डीएनएचं छोटं कडं, प्लाझ्मिड, याच्याकडून त्याच्याकडे, जातीबाहेरसुद्धा. कॉलेजच्या हॉस्टेलवर पेन ड्राइव्ह फिरायचा तसं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये नवीन औषधांची सर्वांत तातडीने गरज असलेल्या जीवाणूंची यादी काढली, तिच्या अगदी वरच्या गटातले सगळे ग्रॅम निगेटिव्ह होते. २०२४ च्या सुधारित यादीत त्या गटात क्षयाची भर पडली, पण गुलाबी मंडळी अजूनही त्यात आहेतच.

मी तो कागद डॉक्टरांना दाखवून विचारलं, शुक्रवारी औषध बदललं नसतं तर? ते म्हणाले, "बदललं ना. आता त्यांना थोडं सूप द्या." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

घरी आल्यावर आईला मी हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. रंग, टायर, रेनकोट, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. काल बाबांच्या चौकशीला शेजारच्या काकू आल्या होत्या. आई त्यांना सांगत होती, "अहो, रिपोर्ट निगेटिव्ह आला होता, पण आमचा म्हणतो तो वाईट निगेटिव्ह होता."